इमानाचं पाकीट

परभणीच्या मे महिन्यात दुसऱ्याच्या दारात जाऊन पहिलंच वाक्य "पंखा बंद करा" असं म्हणणारं माणूस एक तर वेडं असतं, नाही तर वजनमापे खात्याचं. आमच्या बचत गटातल्या बायकांच्या मते मॅडम दोन्ही होत्या. मी त्या वेळी नुसत्या पहिल्या मताची होते.

वजनमापे खातं म्हणजे दुकानातले तराजू तपासणारं आणि पाकिटावर छापलेलं वजन आत खरंच आहे का ते बघणारं खातं. मॅडम त्यात निरीक्षक होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, अंगावर सुती साडी, पायात पट्ट्याच्या चपला. खांद्याला कागदांची पिशवी आणि हातात स्टीलचा चौकोनी डबा. डब्यात त्यांचा काटा असे, आणि काट्याभोवती पिवळ्या फुलांचं लहान बाळाचं दुपटं गुंडाळलेलं. त्यांची मुलगी केव्हाच लग्न होऊन नाशकाला गेली होती, दुपटं मात्र अजून नोकरीत होतं. एसटीत बसल्या की डबा मांडीवर घेत आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरत. एकदा गंगाखेडच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं म्हणे, "काय हाय ह्यात, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "झोपलंय. धक्का लावू नका." कंडक्टर गंगाखेड येईपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही.

पंखा बंद करायचं कारण साधं होतं. पंख्याचा वारा लागला की काट्यावरचा आकडा हलतो. दुसरा कुणी असता तर त्यानं हललेला आकडा वाचून वेळ भागवली असती. मॅडम पंखा बंद करायला लावायच्या, पाकीट काट्यावर ठेवायच्या आणि आकडा पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायच्या. तोवर कुणी बोललं तर हात वर करून म्हणायच्या, "आकडा थांबू द्या." कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर आला तरी पुसायच्या नाहीत. समोरचा दुकानदारही निथळत असायचा. लोक म्हणायचे, बाईंनी घाम फोडला. खरं तर त्यातला निम्मा घाम परभणीचा असायचा.

वजनाला त्या बोट लावायच्या नाहीत. डब्यातली पितळी वजनं चिमट्यानं उचलायच्या. का, म्हणून विचारलं तर सांगायच्या, "हाताच्या घामालाही वजन असतं." वर आपल्या हाताकडे अशा बघायच्या की तो एखाद्या संशयिताचा असावा.

अंदाजानं बोलणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून त्रास होई. मराठवाड्यात राहून हा त्रास करून घेणं म्हणजे पाण्यात राहून पाण्याशीच भांडण. "जरा बसा" म्हटलं की "जरा म्हणजे किती?" "पाचएक किलो" म्हटलं की "पाच की एक?" आमच्या गटातली सुंदराआक्का एकदा सहज म्हणाली, "कशा हाव मॅडम?" मॅडमनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तेवढीच." आक्का मला नंतर विचारत होती, "तेवढीच म्हंजी बरी का वाईट गं?"

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती, ती मला उशिरा कळली. त्या बीडकडच्या. पण कामावर असल्या की छापील मराठी बोलायच्या, शब्द मोजून, एकही जास्त नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र बीडची बाई बाहेर यायची. त्यांनी जणू भाषासुद्धा सरकारी आणि खासगी अशी दोन डब्यांत ठेवली होती.

पुढं आमची ओळख वाढली तेव्हा माझी मुलगी दहावी पास झाली. पेढे घ्यायला मी परभणीत गेले, वाटेत मॅडम भेटल्या आणि म्हणाल्या, चला, मलाही त्याच बाजूला जायचंय. मी नको म्हणायला हवं होतं. मिठाईवाल्यानं खोका काट्यावर ठेवला, त्यात पेढे भरले, आकडा किलोवर गेला आणि झाकण लावलं. मॅडम शेजारी गप्प उभ्या होत्या. मी पैसे दिले, पेढे घेतले, मग त्या शांतपणे म्हणाल्या, "आता खोका रिकामा करा आणि एकटा तोला." खोका चांगला जाड पुठ्ठ्याचा होता, सोनेरी नक्षीचा. पेढ्याच्या भावानं आम्ही पुठ्ठा घेतला होता. दुकानदार हसून म्हणाला, "मॅडम, सगळेच आसं देतेत की." मॅडमनी पिशवीतून ओळखपत्र काढलं. "मग सगळ्यांकडे जाते. सुरुवात तुमच्यापासून. पंखा बंद करा." निकालाचे पेढे पंचनाम्यात अडकले. घरी नातेवाईक वाट बघत बसले होते आणि मी दुपार टळून गेल्यावर घरी पोहोचले. पोरीनं विचारलं, "आई, पेढे करून आणले का?"

त्यांची परभणीतली खोलीही मी पाहिली आहे. एक खाट, एक स्टोव्ह, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेल्या दोरीवर चिमट्यांनी अडकवलेली रिकामी पाकिटं. बिस्किटांची, तिखटाची, शेवेची, चहाची. धुऊन वाळत घातलेली. प्रत्येकावर पेनानं त्या रिकाम्या पाकिटाचं वजन लिहिलेलं. दुसऱ्या कुणाच्या घरी दाराला तोरण असतं, यांच्याकडे हे. मी बघतच राहिले तर म्हणाल्या, "कंपन्या पाकीट जाड करत जातात. आतला माल तेवढा बारीक होत जातो. लक्ष ठेवावं लागतं." त्या खोलीत पंखा नव्हता.

एवढं सांगून झालं, आता आमचं सांगते.

आमचा गट पेडगावचा. गटात आम्ही काही बौद्ध घरांतल्या, काही धनगरांच्या, एक-दोघी शेतमजुरीवर जाणाऱ्या. विहाराच्या वऱ्हांड्यात बसून आम्ही उडदाचे पापड लाटायचो. फेब्रुवारीत हंगाम सुरू होई, तो मे संपेपर्यंत. मी बी.कॉम. झालेली, म्हणून सचिव. लेबल छापणं, दुकानदारांशी बोलणं माझ्याकडे. अध्यक्ष सुंदराआक्का. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. अक्षरओळख नव्हती, पण गावात दोन घरांत वाद झाला तर लोक आक्काला मधी बसवायचे. आक्का म्हणाली की झालं, एवढा तिच्या शब्दाला मान.

गटाकडे इलेक्ट्रॉनिक काटा एकच. सकाळी लाटायचं आणि दुपारी पाकिटं भरायची, आणि नेमकी दुपारी लाईट गेली की तो मुका. तोवर पाकिटं भरायची थांबवली तर पापड पडून राहणार. म्हणून जुना दोन पारड्यांचा तराजू चालायचा. वजनं मात्र आमच्याकडे नव्हती. त्यावर आक्कानं तोड काढली होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, लाईट असताना, ती चांगल्या काट्यावर दोनशे ग्रॅमचं एक पाकीट भरायची. एक पापड इकडे नाही, एक तिकडे नाही. त्याला पिन मारायची, पितळी डब्यात ठेवायची आणि म्हणायची, "ह्ये इमानाचं पाकीट. ह्याच्याबराबर भरायचं. ह्याच्यापेक्षा कमी भरलं तर माझ्याशी गाठ हाय." मग हंगामभर एका पारड्यात ते पाकीट, दुसऱ्यात भरायचं पाकीट. नव्या बायका पारड्यात ठेवण्याआधी त्याला कपाळ लावायच्या. आम्हाला त्याचा अभिमान होता. माणसं देवळात शपथ घेतात, आम्ही पाकिटावर घेत होतो.

त्या वर्षी पुण्यातल्या एका दुकानाची ऑर्डर आली होती. एवढी मोठी ऑर्डर गटाला पहिल्यांदाच. सोमवारी सकाळी जीप येणार होती. शनिवारी वऱ्हांड्यात खोक्यांची रास लागली होती आणि त्याच शनिवारी मॅडम फाट्यावर उतरून चालत आल्या. हातात स्टीलचा डबा आणि आमचंच एक पाकीट. परभणीच्या मोंढ्यातल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, दुकानातून गिऱ्हाईक म्हणून विकत घेतलेलं.

"पंखा बंद करा."

एका बाईनं उठून बंद केला. आक्का पाणी घेऊन आली. मॅडम म्हणाल्या, "कामावर मी कुणाकडचं पाणी घेत नाही." आक्काचा चेहरा पडला. आमच्याकडं पाणी न घेणं ही बाब साधी नसते. वऱ्हांडा विहाराचा, बायका आम्ही अशा. मला वाटलं ही बाई त्यातलीच. मी मनात तिला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

त्यांनी राशीतून इथलं एक, तिथलं एक अशी पाकिटं काढली. प्रत्येक तोललं, मग उघडलं, पापड बाजूला ठेवून रिकामी पिशवी तोलली. पिन खाली पडली होती, ती शोधून तीही तोलली. आम्ही तोंडाला पदर लावून बघत होतो. शेवटी त्यांनी मान वर केली. "सगळी कमी आहेत. तेरा-चौदा ग्रॅमनी."

आक्का उठून उभी राहिली. "आमी चोर न्हाई, बाई."

"चोर कोण म्हणालं? मी फक्त पाकीट कमी आहे म्हणाले." मग त्यांनी पुन्हा आकड्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आणि चोर इतकं सारखं चोरत नाही. त्याचा हात कधी जड पडतो, कधी हलका. तुमचं सगळं एकसारखं कमी आहे. तोलता कशानं?"

आक्कानं पितळी डबा आणला. ती तो अशा तोऱ्यात घेऊन आली की आता ह्या बाईची बोलती बंद होणार. तिनं झाकण काढलं, पाकीट दोन्ही हातांनी काढून मॅडमच्या काट्यावर ठेवलं. मॅडमनी हात वर केला. आकडा थांबला. आम्ही सगळ्या पुढे वाकून बघत होतो.

इमानाचं पाकीटच तेवढं कमी होतं.

फेब्रुवारीत भरलेलं पाकीट, नुसती पिन मारलेलं, रोज पारड्यात उघड्यावर हवा खाणारं. पत्र्याखालच्या उकाड्यात तीन महिने ते रोज थोडं थोडं वाळत होतं. त्यातली ओल उडत गेली आणि ते हलकं होत गेलं. आम्ही त्याला कपाळ लावून, त्याच्या बरोबरीनं, ताजी पाकिटं हलकी भरत गेलो. कुणी एक पापड चोरला नव्हता आणि तरी प्रत्येक घरात आमच्याकडून पापड कमी गेला होता.

मी शिकलेली ना, मी लगेच वकिली सुरू केली. "मॅडम, पापड वाळतो. ओल उडते. त्याला आम्ही काय करणार? हा काय आमचा दोष आहे?"

"ओल उडते हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे, पापडच तो."

"गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. त्यानं पाकिटावर वाचलं ते विकत घेतलं. ओलीचं कारण मी मानणार नाही." मग आक्काकडे वळून म्हणाल्या, "आणि पाकिटाला वजन म्हणून वापरायचं नाही. शिक्का मारलेलं वजनच लागतं. हा दुसरा गुन्हा."

त्यांनी केस केली. खोकी जाग्यावर अडवली, वजन पूर्ण भरल्याशिवाय हलवायची नाहीत असं लिहून दिलं. आक्का वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून बसली होती, ती एवढंच म्हणाली, "माझं इमान काढलं ह्या बाईनं." माझा नवरा शाळेत शिक्षक आहे. तो संध्याकाळी म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला सुळी." मला ते तेव्हा अगदी पटलं. बाजारात मोठमोठे व्यापारी लोकांना लुटतात, त्यांच्या दारात जायची हिंमत नाही आणि आम्हा गरीब बायकांवर कायदा. माझ्या मनात दुसरा विचारच नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही वऱ्हांड्यात बसलो होतो. पाकिटं उघडून पुन्हा भरायची तर एका काट्यावर, लाईटच्या भरवशावर, सोमवारपर्यंत होणं शक्य नव्हतं. आक्का म्हणत होती, "मी गट सोडते. माझ्या हातानं तुमचं नाव खराब झालं." तेवढ्यात फाट्याकडून मॅडम येताना दिसल्या. आज ओळखपत्र गळ्यात नव्हतं, कागदांची पिशवी नव्हती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कापडात बांधलेली भाकरी.

"आता काय राह्यलं?" आक्का म्हणाली.

मॅडम खाली मांडी घालून बसल्या. दुपटं उलगडलं, काटा काढला. "आज रविवार हाय. सरकारला सुट्टी, मला बी. चला, किती पाकिटं हाईत? पोरींनो, तुमी उघडत जावा, मी तोलते. लाईट गेली तरी ह्याला बॅटरी हाय."

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. कालची बाई हीच का, असं प्रत्येकीच्या तोंडावर. मग त्या आक्काला म्हणाल्या, "आन्‌ तुमी चहा ठेवायलाव का न्हाई? नोकरी लागल्यापसून कामाच्या जागी कुणाचं पाणी घेतलं न्हाई. म्हणून काल न्हाई घेतलं. दुसरं कारण न्हाई त्याला."

आक्कानं पदर खोचला. मग आत गेली. चहा आला, मॅडमनी बशीत ओतून घेतला, संपवला आणि कप पुढे केला, "आणखी आसंल तर द्या." मला त्या वेळी रडू आलं होतं. चहावरून रडू येण्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

दिवसभर त्यांनी तोललं. नुसतं तोललं नाही, तर प्रत्येक पाकिटात एक पापड जास्त घालायला लावला. "वाळणार हाय ना? मंग वाळल्यावर दोनशे भरलं पायजे." मधे दोघी बायका खोक्यावरून भांडायला लागल्या, तर मॅडम काट्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "आकडा थांबू द्या, मंग भांडा." भांडण तिथंच विरलं. ऊन कलायला लागलं तसं सगळं संपलं आणि त्या शेवटच्या गाडीसाठी निघाल्या. मी धीर करून विचारलं, "मॅडम, मग ती केस?"

"केस काल झाली. ती हाय तिथंच राहणार. दंड भरावा लागंल." आणि चपला घालून गेल्या.

पुण्याचा माल सोमवारी वेळेत गेला. आम्ही दंड भरला. पण गोष्ट तिथं मिटली नाही. मोंढ्यातला एक शेठ आमचे पापड ठेवायचा. त्याचा स्वतःचा चिवड्याचा मोठा कारखाना होता, तालुक्यातालुक्याला त्याची चकचकीत पाकिटं जायची. त्यानं आमच्या केसची बातमी ऐकली आणि निरोप धाडला, तुमचा माल घेऊन जा, चोरट्या मापाचं मी ठेवत नाही. तेही गुपचूप नाही, चार दुकानदारांत सांगत सुटला. मग दुसऱ्यानं बंद केलं, तिसऱ्यानं "बघू" म्हटलं. आक्काला गावात कुणी काही बोललं नाही, पण दोन घरांचा वाद मिटवायला तिला बोलावणं यायचं थांबलं. ती मेंढरांमागं जायला लागली. डबा मात्र तिनं घरी नेऊन ठेवला होता, फेकून दिला नव्हता.

मी परत केलेली पाकिटं आणायला शेठच्या दुकानात गेले. रविवारनंतर भरलेलीच पाकिटं होती ती. शेठनं खोका पायानं पुढं सरकवला. मी खाली वाकले आणि मागून ओळखीचा आवाज आला.

"पंखा बंद करा."

शेठच्या दुकानात माणसाएवढा उभा पंखा होता. नोकरानं शेठकडे पाहिलं, शेठनं मान हलवली, पंखा बंद झाला. मॅडमनी शेजारच्या दोन दुकानदारांना पंच म्हणून बोलावलं आणि चिवड्याची पाकिटं तोलायला घेतली. एक कमी, दुसरं त्याहून कमी, तिसरं बरोबर, चौथं पुन्हा कमी. या वेळी माल एकसारखा कमी नव्हता. मी खोका हातात धरून तिथंच उभी राहिले. जायला पाय निघेना.

शेठ आधी हसला. मग त्यानं फोन लावला, आणि फोन मॅडमपुढे धरला. "साहेब बोलतेत. वजनदार माणूस हाय."

"त्यांना पाकिटात घाला," मॅडम आकड्याकडे बघत म्हणाल्या, "भरून निघेल." पंचांतला एक जण खोकल्याच्या निमित्तानं बाहेर जाऊन हसून आला.

मग शेठ कायद्यावर आला. "मॅडम, मालातली ओल उडती. भरताना बराबर आसतंय, नंतर कमी होतं. त्याला आमी काय करावं?"

माझेच शब्द. अगदी तेच, जसेच्या तसे. मॅडमनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तळलेल्या चिवड्यात ओल?"

शेठला घाम फुटला होता, त्यानं तो पुसला आणि त्याची नजर माझ्यावर गेली. "मंग ह्या पेडगावच्या बायांचं काय? ह्यांचं बी कमीच भरलं होतं. गरीब म्हणून सोडलं आसंल ह्यांना. आमीच दिसतो तुमाला."

"सोडलं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यावर केस झाली, त्यांनी दंड भरला. ओलीचं कारण त्यांनीही सांगितलं होतं आणि त्यांचं ते खरं होतं. तरी मी मानलं नाही. पापडाची खरी ओल मानली नाही, तर तुमच्या चिवड्याची कशी मानू?"

मला त्या क्षणी वऱ्हांड्यातला तो शनिवार लख्ख दिसला. त्या दिवशी मॅडमनी माझं ऐकलं असतं, आम्हाला गरीब म्हणून, बायका म्हणून, इमानदार म्हणून सूट दिली असती, तर आज शेठनं तीच सूट मागितली असती आणि मिळवलीही असती. नवऱ्याची म्हण चुकली होती.

शेठचा माल अडवला गेला. पंचांनी सह्या केल्या. त्यातल्या त्या खोकणाऱ्यानं माझ्या हातातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. "ताई, आन्‌ तुमचं आता कसं भरायलंय?"

मी काही बोलण्याआधी मॅडम म्हणाल्या, "काटा इथंच आहे. बघा तोलून."

त्यानं स्वतःच्या हातानं एक पाकीट काढलं, ठेवलं. मग पिशवी वेगळी तोलली. आकडा थांबला. दोनशे, आणि वर थोडं. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे."

आमच्या गटाला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक तेवढंच, दोन शब्दांचं आणि तोंडी. तो पंच तिथल्या तिथं खोका घेऊन गेला. मोंढ्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. आठवडाभरात बंद केलेल्यांनी आपणहून माणूस पाठवला. मी गावात येऊन आक्काला सगळं सांगितलं, शेठचं बोलणं, मॅडमचं बोलणं. आक्का मेंढराला पाणी पाजत होती. ऐकून झाल्यावर तिनं बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग आमचं खरं हाय, त्ये त्या दिशी कामून न्हाई सांगितलं बाईनं? मी उगं शिव्या घातल्या." दुसऱ्या दिवसापासून ती वऱ्हांड्यात यायला लागली.

मॅडम त्या वर्षाअखेर निवृत्त झाल्या. ऑफिसात निरोपसमारंभ झाला, मलाही बोलावलं होतं. साहेब भाषण करत होते, मॅडम अतिशय कर्तव्यदक्ष वगैरे. मॅडम खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. त्यांच्या सत्काराचा नारळ आला तेव्हा मी बघत होते. त्यांनी तो हातात घेतल्यावर नकळत दोनदा वर-खाली करून अंदाज घेतला.

फेब्रुवारीत आमचा नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या दिवशी मॅडम बीडहून आल्या. मोकळ्या हातानं आल्या होत्या, डबा नाही, दुपटं नाही. त्या वऱ्हांड्यातल्या खांबाला टेकून बसल्या. आमच्याकडे आता शिक्का मारलेली लोखंडी वजनं होती, तराजूही पास करून घेतलेला. गटात नव्या पोरी आल्या होत्या, त्यांना आक्का कामाची रीत सांगत होती.

आक्कानं घरून पितळी डबा आणला होता. जुनं पाकीट बाहेर काढलं, पिवळं पडलेलं, पिन गंजलेली. ते एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात दोनशे ग्रॅमचं लोखंड. वरती पंखा गरगरत होता, दोन्ही पारडी डुलत होती.

"बगा गं पोरींनो," आक्का म्हणाली. "ह्ये आमचं इमानाचं पाकीट. आमी लबाडी केली न्हाई, कुणाचं खाल्लं न्हाई. तरी ह्ये हलकं झालं, आन्‌ आमाला कळलं न्हाई. इमान बी डब्यात ठिवलं की वाळतंय. वर्साला लोखंडाशी तोलून बगावं लागतं."

पोरी मॅडमकडे बघायला लागल्या. मीही बघितलं. मला वाटलं, आता तरी ही बाई चांगलं काही तरी म्हणेल.

मॅडम खांबाचा आधार घेत उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी पंख्याचं बटन बंद केलं. पाती हळूहळू मंदावली. पारडी डुलायची थांबली. लोखंड खाली गेलं, पाकीट वर, आणि सगळं स्थिर झालं.

"हां," मॅडम म्हणाल्या. "आता म्हणा परत, आक्का."

आक्कानं पदरानं तोंडावरचा घाम पुसला, काट्याकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.